चौकातला इलोनाचा फ्लेक्स

गाडीतलं सोडलं, तर वर्षाराणी बसलेली मी एकदाच पाहिली, ती हकीकत पुढे येईलच. एरवी चहा उभ्याने, फोन उभ्याने. माझ्या दारात येऊन गप्पा मारायची, त्याही एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून. सकाळी एका शाळेत कंत्राटी खेळशिक्षिका, दुपारी सासरच्या पिठाच्या गिरणीत, आणि संध्याकाळी आमच्या घरासमोरच्या तालमीच्या माडीवर मुलींचा ज्युदोचा वर्ग. शिवाजी पेठेत हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. इथे खेळ म्हणजे मातीतली कुस्ती, आणि कुस्तीनंतर फुटबॉल. जाड सदरा घालायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि एकमेकींच्या कॉलरी ओढायच्या, याला खेळ म्हणायला पेठेत कुणी तयार नव्हतं.

"वैनी, कापडं फाडायची कुस्ती कवा हाय?" पोरं खालून विचारत.

"ये की वर. पहिली तुझीच फाडतो," ती जिन्यावरूनच सांगे. आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. हिच्या तोंडी ते जरा जास्तच शोभतं.

ती मूळची जयसिंगपूरची. वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान. कॉलेजात असताना ज्युदो शिकली आणि राज्य स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. त्याच महिन्यात तिचा चुलतभाऊ तिसऱ्या फटक्यात बारावी पास झाला. त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स बसस्टँडसमोर लागला आणि हिचं पदक कपाटात गेलं. हे तिने मला पहिल्याच ओळखीत सांगितलं, आणि त्यानंतर इतक्यांदा सांगितलं, की शेवटी मी म्हटलं, "वर्षा, भावाला माफ कर आता, त्याला मुलं झाली." तिला पदकाचं काही वाटत नव्हतं. फ्लेक्सचं वाटत होतं.

आणि कोल्हापुरात फ्लेक्स ही काय चीज आहे हे मी सांगायला नको. इथे कुत्र्याच्या वाढदिवसाचाही लागतो. वर उत्सवमूर्ती, कानाला मोबाइल लावून. खाली 'शुभेच्छुक' म्हणून चेहऱ्यांच्या रांगा, प्रत्येकाचा गॉगल वेगळा. फुटबॉलचा विश्वचषक आला की परदेशी खेळाडू गच्चीएवढे उंच उभे राहतात. बाईचा फ्लेक्स लागतो तो निवडणुकीत, आणि तेव्हाही शेजारी नवऱ्याचा फोटो असतोच. खेळणाऱ्या मुलीचा फ्लेक्स पेठेत मी तरी पाहिलेला नव्हता.

मग गेल्या थंडीत इलोना केरेश आली. म्हणजे फोनमध्ये आली. ही हंगेरीची ज्युदोपटू. कुठल्याशा स्पर्धेत तिने समोरच्या मुलीला डोळ्याचं पातं लवायच्या आत पाठीवर आपटलं, मग हात देऊन उठवलं, तिचे सुटलेले केस स्वतः बांधून दिले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. एवढंच. त्या हसण्यावर जग खुळं झालं. पदकं तिच्याकडे आधीपासून होती, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मीही तो व्हिडिओ पाहिला. हसू गोड आहे. आपटणं त्याहून सुरेख आहे, पण ते कुणी दुसऱ्यांदा पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

पेठेतल्या पोरांनी तिच्या प्रत्येक फोटोखाली 'वैनी' लिहायला सुरुवात केली. कुणाची वहिनी, कुठल्या भावाची बायको, कशाचा पत्ता नाही. जपानी, ब्राझिली, अरबी, सगळीकडच्या लग्नाच्या मागण्या आणि त्यांच्यामध्ये आमच्या पोरांचं 'वैनी एक नंबर'.

याचा पहिला परिणाम असा झाला, की वर्षाराणीच्या माडीवर गर्दी झाली. एवढे दिवस तालमीचे अध्यक्ष आण्णा ती माडी व्यायामाच्या मशीनसाठी मागत होते आणि वर्षाराणी आज देतो, उद्या देतो करत होती. आता पोरं जिन्यावर उभी राहून मुलींचा सराव बघू लागली, फोन वर धरून. रस्त्याकडच्या खिडकीतही डोकी. नव्या मुलीही आल्या. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुमचा ज्युदो. मशीनचं बघू मागनं." वर्षाराणीला आकाश ठेंगणं झालं. मला त्या खिडकीतल्या डोक्यांचा राग येत होता. तसं मी बोललेही. ती म्हणाली, "काकू, बघू देत की. कोण बघतच नव्हतं त्यापेक्षा बरं."

फेब्रुवारीत इलोनाचा वाढदिवस. कोपऱ्यावरच्या राजवीरचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि पेठेतल्या उद्योगी पोरांचा म्होरक्याही तोच. तो वर्षाराणीला विचारायला आला, की बाईंच्या नावापुढे नेमकं काय लिहायचं. ती म्हणाली, "लिहायचं ते मी सांगतो. पण तिच्या शेजारी माझी पोरगी लागंल. न्हायतर चौकात काय लागू देणार न्हाय."

तिची पोरगी म्हणजे क्रांती. मुरगूडजवळच्या वाडीवरची, अकरावीत शिकणारी, आत्याकडे राहून वर्गाला येणारी. बुटकी, रुंद खांद्यांची, फारसं न बोलणारी. वर्षाराणीच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांत ही सरस. राज्य संघाची निवड चाचणी पुण्याला व्हायची होती आणि वर्षाराणी त्या एका दिवसासाठी जगत होती म्हटलं तरी चालेल. तिने आपल्या फोनमधला क्रांतीचा फोटो राजवीरला दिला. जिल्हा स्पर्धा जिंकल्यावरचा. घामाने केस कपाळाला चिकटलेले, सदऱ्याची कॉलर विस्कटलेली, तोंडभर हसू.

"मुलीला विचारलंस?" मी म्हटलं.

"त्यात काय विचारायचं, काकू? चांगलंच हाय की."

"तिच्या घरी?"

"खूश होतील," असं म्हणून तिने उंबऱ्यातला पाय काढला आणि गेली.

फ्लेक्स लागला. दोन मजली. 'हंगेरीची वाघीण इलोना केरेश यांना वाढदिवसाच्या वाघासारख्या शुभेच्छा.' शेजारी, अर्ध्या आकारात, 'पेठेची वाघीण कु. क्रांती.' आणि खाली पन्नासेक शुभेच्छुक. पोरांनी हलगी लावली, फ्लेक्ससमोर केक कापला, इलोनाच्या तोंडाला केक लावायला शिडी आणली. वर्षाराणी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वर बघत होती. इतका वेळ एका जागी मी तिला त्या दिवशीच पाहिलं.

कुणीतरी तो फोटो इलोनापर्यंत पोचवला आणि इलोनाने तो आपल्या पानावर टाकला. मग विचारू नका. हंगेरीची माणसं विचारू लागली, की ही तिकडे निवडणुकीला उभी आहे का, आणि खालची माणसं कोण, तिचे अंगरक्षक? राजवीरने उत्तर दिलं, 'फॅमिली.' दोन दिवस पेठेत त्याशिवाय विषय नव्हता. आण्णांनी फेटा बांधून फोटो काढून घेतला.

मग लोकांचं लक्ष शेजारच्या फोटोकडे गेलं. ही कोण? हिचं नाव काय? कुणीतरी क्रांतीचं खातं शोधून काढलं. काही जण चांगलं लिहीत होते, तेही सांगायला हवं. पण बाकीचं वर्षाराणीने मला वाचून दाखवलं नाही. फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यातल्या कुणीतरी, आपल्याच भाषेत लिहिलं होतं: 'गोरी न्हाय घावली तर ही चालंल.' खाली हसणाऱ्या तोंडांचा ढीग. त्या ढिगात फ्लेक्सवरचे चौघे शुभेच्छुक होते. नावं मी वाचली. त्यातल्या एकाच्या बारशाला मी जेवले आहे.

दुसऱ्या दिवशी क्रांतीचे वडील कृष्णात मोटारसायकलवरून आले, बहिणीच्या घरात पाणीही न पिता मुलीची पेटी मागे बांधली आणि तिला घेऊन गेले. चाचणी त्या रविवारी. फोन केला तर बंद.

त्यानंतर वर्षाराणी माझ्याकडे दिवसात चारदा येऊन गेली. यायचं, बोलायचं काहीच नाही, पदर खोचायचा, परत जायचं. गिरणीत ज्वारीच्या डब्यात गहू टाकले म्हणून गिऱ्हाइकाशी भांडण झालं, तेही हिनेच केलं, चूक स्वतःची असताना. शेवटी मी म्हटलं, "माझ्या दारात खेपा घालून काय होणार? ज्याच्या दारात जायला हवं तिकडे जा."

"जातो. पण मोकळ्या हातानं न्हाय."

ती थेट चौकात गेली. नवरा विश्वजित गिरणीचा टेम्पो घेऊन मागे. तो अबोल माणूस, पण बायको कुठे निघाली की गाडी सुरू करून ठेवतो. मी माझ्या खिडकीतून सगळं पाहिलं आणि ऐकलंही, कारण कोल्हापुरात हळू कुणी बोलत नाही.

"राजवीर, काढ खाली."

"वैनी, अजून परवानगी हाय त्याची."

"तुझ्या कुठल्या फ्लेक्सला आजवर परवानगी होती?"

"पण इलोनानं बघितलाय त्यो. ऐतिहासिक हाय आता."

"तुझी बहीण काय करती रे?"

"बारावीला हाय. का?"

"तिचा एक फोटो दे. क्रांतीच्या जागी डकवूया. तीच माणसं, तीच वाघीण, खाली तेच पन्नास."

राजवीरने दुकानातून शिडी आणली. मग स्वतः वर चढला आणि दोऱ्या कापू लागला.

वाडीवर जाताना मला बरोबर घेतलं. "काकू, तुम्ही चला. म्हातारं माणूस संगं असलं की लोक शिव्या देत न्हाईत."

"देतात," मी म्हटलं, "पण हळू देतात." आणि बसले टेम्पोत. पायाशी तो गुंडाळलेला फ्लेक्स, नव्या रबराचा वास मारत.  मुरगुडापर्यंत वर्षाराणीचा गुडघा सारखा हलत होता, त्यामुळे माझाही.

कृष्णातचं घर रानातच. पुढे अंगण, बाजूला म्हशींचा गोठा, मागे ऊस तुटून गेलेलं रान आणि पाचटाचा मोठा ढीग. त्याने विश्वजितला "या पावणं" म्हटलं, मला "बसा बाई" म्हटलं, आणि वर्षाराणीकडे बघितलंच नाही. चहा मात्र आला. भांडणाआधी चहा द्यायचाच, ही आमच्याकडची रीत. वर्षाराणी कप हातात घेऊन उभीच होती.

"बसा की," तो म्हणाला. "उभ्या माणसाशी मला बोलता येत न्हाय."

ती बसली. जोत्यावर, पाय जुळवून, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी.

"मला येवढंच सांगा. फोटो कुणाला इचारून लावलासा?"

"कुणालाच न्हाय."

"पोरीला?"

"न्हाय."

"मग पोरगी तुमची हाय का माझी?"

"तुमची. चुकलं माझं." आणि मला वाटलं आता ही गप्प बसेल, तर लगेच, "पण चाचणी रविवारी हाय, भाऊ."

मी डोळे मिटले. कृष्णातने कप खाली ठेवला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो उलट खाली आला.

"चाचणी. तुमाला चाचणी दिसालीया. मी परवा संस्थेत दूध घालाय गेलतो. माप व्हायचं हुतं, लाइनीत उभा हुतो. एक पोरगं फोन म्होरं करतंय, म्हणतंय, 'काका, ही तुमची कोण व्हय?' समदी लाइन बघालीया. खाली काय लिवलंय ते मला दिसालंय." त्याने कप दूर सारला. "मी म्हटलं, न्हाय. माझी कोण न्हाय ही."

दारात क्रांती उभी होती. किती वेळची, ते कुणाला कळलं नव्हतं.

"आबा, तुमी न्हाय म्हटलासा?"

त्याने मान वर केली नाही.  क्रांतीने पायात चपला सरकवल्या आणि ती घरामागे निघून गेली. थोड्या वेळाने मागून आवाज आला. धप्प. मग पुन्हा धप्प.

"काय करालीया?" वर्षाराणी अर्धी उठली.

"आल्यापास्नं हेच चाललंय," क्रांतीची आई आतून म्हणाली. "पाचटावर आंग टाकती. म्हशी बुजायल्यात, दूध चोरायल्यात."

आम्ही सगळे मागे गेलो. क्रांती पाचटाच्या ढिगावर पाठीवर पडत होती, दोन्ही हात आपटून, उठत होती, पुन्हा पडत होती. ज्युदोत आधी पडायलाच शिकवतात, एवढं मला माडीच्या खालून ऐकून माहीत आहे. पण उसाचं पान सुरीसारखं असतं. मुलीचे हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडलेले होते.

"हनुवटी आत घे," वर्षाराणी ओरडली. तिला राहवेना.

पुढच्या वेळी क्रांतीने हनुवटी आत घेतली.

"तसं. आणि हात मघाशी आपटलास त्याच्या आधी."

कृष्णात एकदा हिच्याकडे आणि एकदा मुलीकडे बघत होता. वर्षाराणी पळत टेम्पोकडे गेली आणि विश्वजितला घेऊन तो फ्लेक्स ओढत आली.

"हे हितं आणलासा?" कृष्णातचा चेहरा बदलला.

"तुमच्या दारात आणून टाकायचंच ठरवलंतं. जाळा, फाडा, गोठ्यावर घाला. पण आधी ह्यो पाचटावर टाकू द्या. पोरीचं कातडं निघालंय, भाऊ."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. फ्लेक्स पसरला. आधी इलोना उलगडली, हसत. मग शुभेच्छुक, गॉगलसकट. शेवटी क्रांती.

कृष्णातने तो फ्लेक्स तोवर पाहिलाच नव्हता. पाहिला होता तो फोनवर, अंगठ्याएवढा, खाली घाण लिहिलेला. आता त्याची मुलगी त्याच्याहून मोठी, ढिगावर पसरली होती, केस कपाळाला चिकटलेले, समोरचे सगळे दात दाखवत. तो बघत राहिला. क्रांतीची आईही बाहेर आली आणि म्हणाली, "आगं बया. आशी हसती व्हय ही तकडं?"

कृष्णात गोठ्यात गेला. विळा घेऊन आला तेव्हा विश्वजित दोन पावलं मागे सरला. पण तो फ्लेक्सजवळ उकिडवा बसला आणि क्रांतीच्या फोटोभोवतीने सावकाश कापत गेला. शुभेच्छुकांचा एकही चेहरा त्यात येऊ दिला नाही. एकाचा गॉगल येत होता, तो मुद्दाम वळसा घालून टाळला. तेवढा तुकडा गुंडाळून काखेत मारला.

"माडीला दार हाय का?"

"हाय."

"लागतंय?"

"लावत नव्हतो. लावतो."

"वर्गात फोन न्हाय. कुणाचाच. खिडकीत एक जरी पोरगं दिसलं, तर मी म्हस सोडून येणार."

"बंद," वर्षाराणी म्हणाली. श्वास घ्यायलाही थांबली नाही.

"रविवारी मी संगं येणार."

"या की."

मग तो मुलीकडे वळला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचा प्रयत्न करणाऱ्या वर्षाराणीला मी दंडाला धरून टेम्पोकडे नेलं.

परत येताना मी स्पष्ट विचारलं. "दार लावलंस की पोरं जाणार. पोरं गेली की आण्णांची हौस संपली. माडी गेली तुझी. कळतंय ना?"

"म्हाईत हाय की, काकू," ती म्हणाली. गुडघा पुन्हा हलू लागला होता.

उरलेला फ्लेक्स माडीच्या रस्त्याकडच्या खिडकीवर ठोकला. छापील बाजू आत, पांढरी बाहेर. ठोकायला राजवीरच आला. त्याच्या बहिणीचा विषय कुणी काढला नाही. आण्णा खालून म्हणाले, "ज्युदो पडद्यात गेला व्हय?" आणि पाडव्यानंतर मशीन आल्या. आता तालमीची माडी संध्याकाळी पोरांची, आणि वर्षाराणीला पहाट. नव्या मुलींपैकी निम्म्या आल्याच नाहीत. पहाटे उठायला इलोनाचं हसू पुरत नाही.

चाचणीत क्रांती दोन लढती जिंकली आणि तिसरीत हरली. राखीव म्हणून नाव आहे. हे सांगताना वर्षाराणी माझ्या उंबऱ्यात उभ्या उभ्या चिडली होती, पण हरण्यावरून नव्हे.

"ते कृष्णातभाऊ, काकू. शेजारी बसलेल्यानं इचारलं, ही तुमची कोण? तर म्हणाले, पोरगी. बरं. मग मागच्या रांगेला सांगितलं. मग चहावाल्याला. मग पंच पाणी प्यायला आले तर त्यांना जाऊन, 'ती निळ्या सदऱ्यातली, ती माझी पोरगी.' पंच मला म्हणतोय, बाई, ह्यांना आवरा."

"आवरलंस?"

"कशाला आवरू?"

कापलेला तुकडा कुठे आहे ते तिने मला नंतर सांगितलं. गोठ्याच्या आतल्या भिंतीवर, म्हशींच्या समोर. म्हशींनी बघितलं तर चालतंय, असं त्याचं म्हणणं.

पोरं हल्ली कुठल्यातरी कोरियन तिरंदाज मुलीला वैनी म्हणतात. इलोना अजून खेळते, परवा कुठेसं कांस्यपदकही मिळवलं, ते वर्षाराणीनेच मला सांगितलं. फोनवर त्याला फारसं कुणी विचारलेलं नाही. माझी झोप पहाटे मोडते, म्हणून कधी कधी मी माडीवर जाऊन बसते. खिडकीवर इलोना, एक कोपरा कापलेली, खालच्या शुभेच्छुकांसह आतल्या मुलींकडे बघत असते. गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी आली, तिने तिच्याकडे बोट करून विचारलं, "मॅडम, ही कोण?"

"ज्युदो खेळती," वर्षाराणी म्हणाली. "हनुवटी आत घे."